चार म्हणजे पास

नोल्फा बारियाला मी बावीस वर्षांत एकदाही बसलेलं पाहिलं नाही. कॉलेजातल्या माझ्या झेरॉक्सच्या खोलीत, लाकडाच्या शेगडीजवळ, एक खुर्ची मी मुद्दाम तिच्यासाठी ठेवली होती. त्या खुर्चीवर ती छत्री ठेवायची, निळी फाईल ठेवायची, भिजलेला लोकरी रुमाल वाळत घालायची आणि स्वतः मात्र खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा येरझाऱ्या घालायची. कडू माते-चहा उभ्याने नळीतून ओढायची, बटाट्याची मिलकाओ भाकरी चालता चालता खायची. तिचे रबरी बूट फरशीवर असे कुरकुरायचे की ती जिन्यात असतानाच मला कळायचं. "अगं, पायाला भिंगरी लागली आहे का तुझ्या? डोळे फिरतात माझे," असं मी म्हणालो की ती म्हणायची, "मग मिटून घे. तसंही तुझं मशीनच काम करतं."

मुलांकडून फॉर्म भरून घेणं हे तिचं काम. खाणावळीतलं कालवण कसं आहे, ग्रंथालयात ऊब असते का, मास्तर वेळेवर येतात का, असं कॉलेजाला जे काही जाणून घ्यायचं असेल ते नोल्फा वर्गावर्गांत जाऊन विचारायची. तोंडाने नव्हे, कागदाने. वर्गात शिरली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "मी भिंत आहे. भिंतीला काही विचारायचं नाही. जे कळलं ते लिहा." ही भिंत पुढचा अर्धा तास बाकांमधून सारखी फिरत असायची, ती गोष्ट वेगळी. पण बोलायची नाही. कुणी कितीही डिवचलं तरी नाही. आपण एक शब्द बोललो तरी मुलं आपल्या तोंडाकडे बघून उत्तर देतील आणि मग ते उत्तर आपलं होईल, त्यांचं राहणार नाही, असं तिचं म्हणणं होतं.

ही शिस्त तिला कारखान्याने लावली. नोल्फा किंचाओ बेटावरची. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि ती शिंपल्यांच्या कारखान्यात पट्ट्यासमोर उभी राहिली. पुढून डबे सरकत जायचे, त्यातला फुगलेला डबा नजरेने हेरून बाजूला काढायचा. तेवीस वर्षं हेच केलं. एक फुगलेला डबा सुटला तर कुणाच्या तरी घरात माणूस मरेल, हे तिच्या मनात इतकं भिनलं होतं की पुढे कागदावरच्या आकड्यांकडेही ती त्याच नजरेने बघायची. तिच्या हातून एकही डबा सुटला नाही असं ती सांगायची आणि मी ते मानतो, कारण माझ्या मशीनमधून निघालेली एक तिरकी प्रत तिने मला कधी पचू दिली नाही.

कारखाना बंद पडल्यावर पस्तिसाव्या वर्षी ती मोठ्या माणसांच्या शाळेत जाऊ लागली. सगळे विषय सुटले, गणित सोडून. दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा मिळाले चार. आमच्याकडे गुण एक ते सात. तीन पूर्णांक नऊ म्हणजे नापास आणि चार म्हणजे पास, मधे काही नाही. काठावर पास होण्याची आम्हा बेटावरच्या लोकांना लाज वाटत नाही. काठाला लागली की होडी पोचलीच म्हणायची. नोल्फाच्या आईने त्या चाराखातर मेंढरू कापलं, अख्ख्या वाडीला जेवू घातलं आणि प्रमाणपत्र चुलीच्या वर भिंतीवर ठोकलं. धुराने ते पिवळं पडलंय. मी पाहिलंय ते. गणितापुढचा ४.० मात्र नोल्फाची आई दर ईस्टरला ओल्या फडक्याने पुसायची, त्यामुळे तो तेवढा स्वच्छ आहे.

आता सांगड-वर्गाबद्दल सांगायला हवं. दर बुधवारी दागोबेर्तो सर तीन शाखांची मुलं एकत्र बसवायचे. नर्सिंगची, मत्स्यशेतीची आणि बांधकामाची. अकरा वर्षं चाललं होतं हे. पुस्तक नाही, परीक्षा नाही. एक खरंखुरं गाऱ्हाणं घ्यायचं आणि तिघांनी मिळून ते सोडवायचं. त्या वर्षीचं गाऱ्हाणं होतं लेमुई बेटावरच्या एका दवाखान्याचं. ओहोटी लागली की होडी धक्क्याला लागत नाही, आजारी माणसाला गुडघाभर चिखलातून उचलून न्यावं लागतं. मुलं महिनोन् महिने त्यावर डोकं फोडत होती. त्यांचे नकाशे माझ्याकडेच झेरॉक्सला यायचे, म्हणून मला ठाऊक.

आणि ऑक्टोबरात वरून फर्मान आलं की या वर्गामुळे मुलांना नेमकं काय वाटतं ते मोजा. एका विषयातलं शिकलेलं दुसऱ्या विषयाला जोडता येतं असं मुलांना जाणवतं का? चोवीस वाक्यं, प्रत्येकापुढे एक ते सात आकडे, एकावर गोल करायचा. सरासरी पाचाच्या खाली आली तर वर्गाचा फेरविचार होईल. फॉर्म राजधानीतून आला होता. दर्जा-विभागाच्या प्रिसिला बाईही तिथल्याच. बाई वाईट नव्हत्या, पण जिथे पाऊस थांबतच नाही त्या आमच्या गावात पाऊस थांबायची वाट बघत राहत होत्या, म्हणजे बघा.

नोल्फा फॉर्म घेऊन आली. दोन पानं, आणि दोन्ही पानांच्या माथ्यावर एक रुंद पट्टी. मी म्हणालो, "ही पट्टी ठेवली तर आपल्या आखूड कागदावर मजकूर पाठपोट बसत नाही. शेवटची दोन वाक्यं दुसऱ्या कागदावर जातात."

"काय आहे पट्टीत?"

"एक म्हणजे कमी, सात म्हणजे जास्त. आणखी काय असणार?"

तिने चष्म्यासाठी खिसे चाचपले. तो होता खुर्चीवर, रुमालाखाली. मला घाई होती, मशीन गरम झालं होतं, बाहेर नऊ पोरं उभी होती. "अगं, आपल्या पोरांना एक ते सात कोणी शिकवायला हवंय का?" मी म्हणालो. "पहिलीपासून तेच मिळतायत त्यांना."

ती दारापर्यंत गेली, परत आली. "बरोबर होईल ना रे?"

"मी सांगतो ना."

"बरं. काप."

मी कात्री घेतली आणि दोन्ही पट्ट्या सरळ कापून ड्रॉवरमध्ये टाकल्या. मजकूर झकास बसला.

गठ्ठा जड होता म्हणून वर्गात मीही गेलो. बासष्ट मुलं होती. नोल्फाने भिंतीचं वाक्य म्हटलं, कागद वाटले आणि फिरायला लागली. बांधकामाचा बोरिस, वर्गाचा विदूषक, त्याने हात वर केला. "मावशी, हे चार म्हणजे काय धरायचं?"

"भिंतीला विचारायचं नाही."

"भिंतीला कान असतात म्हणतात. तोंड कधी फुटणार?"

सगळे हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे माठ्या, चार म्हणजे पास! सात देवाचे, सहा मास्तरांचे, पाच मास्तरांच्या लेकीचे. आपले चार!" आणखी हशा. नोल्फाने तोंड फिरवून खिडकीकडे पाहिलं. ओठ दाबून ती हसू आवरत होती, मला दिसलं. तीही तेच समजत होती. चुलीवरचा तो पुसलेला चार तिच्या डोळ्यांपुढे असणार.

संगणकाला देण्याआधी तिने बेरीज हाताने केली. दोन दिवस माझ्या खोलीत येरझाऱ्या घालत ती पुटपुटत होती. मग आली ती फडक्यात बांधलेली गरम मिलकाओ घेऊन. "चार पूर्णांक एक! पास झाली रे पोरं!"

मी खाल्लं. गोड लागलं. पाचाची अट होती हे माझ्या लक्षात नव्हतं, आणि तिला वाटलं होतं की पाच म्हणजे फारच चांगलं, चारावर काय, थोडी कानउघाडणी होईल आणि भागेल.

नवव्या दिवशी दागोबेर्तो सर एक पत्र घेऊन आले. "बासष्ट प्रती द्या, आर्तेमिओ. मुलांना वाटायच्या आहेत." एवढं बोलून ते शेगडीकडे बघत उभे राहिले. एरवी हा माणूस भरती-ओहोटी शिकवताना टेबलावर चढायचा. मी पत्र काचेवर ठेवताना वाचलं. विद्यार्थ्यांना विषयांची सांगड जाणवते असंही नाही आणि जाणवत नाही असंही नाही. सबब या वर्गाचा परिणाम दिसून येत नाही. मार्चपासून, म्हणजे नव्या शैक्षणिक वर्षापासून, वर्ग बंद करावा अशी शिफारस करण्यात येत आहे. बैठक पंधरा दिवसांनी.

"अकरा वर्षं," सर म्हणाले. "मला वाटायचं पोरं शिकतायत. मी एकटाच खूश होतो की काय?"

नोल्फा खिडकीशी होती. तिने पत्र माझ्या हातातून ओढलं. "चार पूर्णांक एक आहे की! पास आहेत! पासाला बंद कसं करतात?"

"यात चार म्हणजे पास नाही, नोल्फा. चार म्हणजे धड हो ना, धड नाही."

"कुठे लिहिलंय?"

"फॉर्मवर. वरच्या पट्टीत." सरांनी तो आधी बघितलेला होता, दर्जा-विभागात, अख्खा.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी ड्रॉवरकडे पाहिलं. सर गेल्यावर मी त्या पट्ट्या काढल्या. एकीच्या पाठीवर मी सुताराचा पत्ता लिहून ठेवला होता. पुढून स्वच्छ छापलेलं होतं: १ – अजिबात पटत नाही. ४ – धड हो ना, धड नाही. ७ – पूर्णपणे पटतं.

"त्या पोराने विचारलं होतं मला," नोल्फा म्हणाली. "चार म्हणजे काय, असं सरळ विचारलं होतं. आणि मी भिंत!"

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते बुटांच्या कुरकुरीने. सकाळी आठला ती यायची, शेगडीचं दार उघडायची, बंद करायची. पेनचं टोक आत-बाहेर, आत-बाहेर. माते-चहा गार करून टाकायची. मी ओरडलो एकदा, "एका जागी उभी राहा ना बाई, माझे तीन कागद अडकले!" ती म्हणाली, "डबा सुटलाय रे माझ्या हातून. फुगलेला डबा. तो कुणाच्या तरी घरी पोचलाय आणि मी इथे उभी राहू?"

चौथ्या दिवशी नर्सिंगची यास्ना ओहोटीच्या कोष्टकाची प्रत काढायला आली. काटकुळी पोरगी, बोलताना वेणीशी चाळा करणारी. नोल्फा दार अडवून उभी राहिली.

"यास्ना, त्या फॉर्मवर तू चार दिलेस का?"

पोरगी घाबरली. "नाव नव्हतं ना मावशी त्याच्यावर?"

"नव्हतं. तू काय दिलेस मला माहीत नाही. म्हणूनच विचारतेय."

"...दिले. बहुतेक सगळीकडे चारच."

"का? जमत नाही तुला एकाचं दुसऱ्याला जोडायला?"

"अहो, जमतं म्हणून तर चार! नाहीतर तीन नसते का दिले?" मग ती सुटलीच. म्हणाली, पोपटासारखी मी दोन वर्षं नर्सिंग शिकले, रक्तदाब मोजायचा, लिहून ठेवायचा. लेमुईच्या दवाखान्यात नोंदवही बघितली तर बाळंतिणी नेमक्या काही दिवशी उशिरा पोचलेल्या. मला वाटलं, बायकाच आळशी. मत्स्यशेतीच्या मुलाने त्या तारखांशेजारी ओहोटीच्या वेळा लिहून दाखवल्या. एकास एक जुळल्या. "त्या बायका आळशी नव्हत्या हो मावशी, पाणी नव्हतं. त्या चिखलात थांबल्या होत्या. मला रडूच आलं. मग बोरिसच्या लोकांनी तरंगता उतार काढला, पिंपं आणि फळ्या बांधून, पाण्याबरोबर खालीवर होणारा. स्ट्रेचरची रुंदी मी सांगितली त्यांना. ते गाढव साठ सेंटीमीटर धरून बसले होते."

"मग सात का नाही दिलेस?" नोल्फाचा आवाज चिरकला.

"सात! स्वतःला? सगळ्या म्हणतील, आली मोठी राणी. आणि उतार अजून पाण्यात कुठे टाकलाय?"

यास्ना गेल्यावर मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "झालं तर मग. पोरं पास आहेत." पण नोल्फा एका डब्यावरून खोक्याची परीक्षा करणारी नव्हे. ती अजून दहा जणांना जाऊन भेटली. बावीस वर्षांचा नियम तिने त्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये, खाणावळीत, बस थांब्यावर अकरा वेळा मोडला. यास्ना धरून आठ जणांनी तेच सांगितलं. दोघी म्हणाल्या की खरंच काही सांगता येत नाही. आणि बोरिस म्हणाला, "मावशी, खरं सांगू? बाहेर फुटबॉल होता. मी वरपासून खालपर्यंत चार मारत गेलो."

"म्हणजे आकडा खोटा आहे," ती मला म्हणाली. "पण खरा किती, ते मला माहीत नाही. पुन्हा मोजलं आणि पट्टी असूनही चारच आले तर? तर वर्ग माझ्या तोंडानेच बंद होईल."

"मग कशाला उकरतेस? सरांना सांग, ते भांडतील."

"सरांच्या हातात कापलेली पट्टी नव्हती."

मी शेगडीत लाकूड सारलं. आता मला जे बोलायचं होतं ते बोलायला तोंड शेगडीकडे असलेलं बरं होतं. "नोल्फा, डिसेंबर तोंडावर आलाय." आमची दोघांची नेमणूक वर्षावर्षाची. डिसेंबरात कामाचं मूल्यमापन व्हायचं, त्यात पाच आले तर पुढच्या वर्षाचा कागद यायचा. तिच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. "तुझी चूक निघाली तर घालवतील. एक वर्ष गप्प राहा. वर्गाचं काय, सर दुसरा काढतील."

ती थांबली. खरोखर थांबली, बूट गप्प झाले. मला वाटलं, पटलं हिला.

"पट्ट्या दे त्या," ती म्हणाली.

बैठकीला मी होतो, कारण अहवालाच्या प्रती वाटायला कोणीतरी लागतं. लांब टेबल, पाच सदस्य, मधोमध प्रिसिला बाई, कोपऱ्यात दागोबेर्तो सर. बाईंनी आकडा वाचला, शिफारस वाचली आणि विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय?" सरांनी तोंड उघडलं, पण नोल्फा आधीच टेबलाशी पोचली होती. तिने मुलांनी भरलेला एक फॉर्म ठेवला आणि त्याच्या माथ्याशी त्या दोन पट्ट्या लावल्या. "मुलांनी हे पाहिलंच नाही," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर नुसते आकडे होते. नुसत्या आकड्यात चार म्हणजे काय, ते तुम्हीही शाळेत शिकलात, बाई."

प्रिसिला बाईंनी पट्टी उचलून बघितली. उलटी केली, मागे सुताराचा पत्ता. "ही कोणी कापली?"

माझ्या हातात प्रतींचा गठ्ठा होता, अजून गरम. नोल्फाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी सांगितलं कापायला."

"का?"

"मजकूर एका कागदावर बसावा म्हणून. एका मुलाने मला विचारलंही होतं, चार म्हणजे काय. मी उत्तर दिलं नाही."

"आणि मुलांचा असा अर्थ होता, हे तुम्हाला कसं कळलं?"

"विचारलं. अकरा जणांना."

"म्हणजे तुम्ही त्यांच्याशी बोललात. भरून घेणाऱ्याने बोलायचं नसतं, हे तुम्हीच नव्या लोकांना शिकवता ना?"

"मीच शिकवते. मोडला नियम."

एका सदस्याला हसू आलं, त्याने ते खोकल्यात घातलं. प्रिसिला बाईंना राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं. मोजणी रद्द. पट्टीसकट पुन्हा घ्यावी. आणि नोल्फाबाईंनी मुलांशी चर्चा केली असल्यामुळे ही मोजणी त्यांच्याकडून घेऊ नये. नोल्फाने निळी फाईल टेबलावर ठेवली, बावीस वर्षांची, कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली, आणि बाहेर गेली. बूट जिन्यावरून कुरकुरत गेले. मी प्रती वाटल्या. त्या खोलीत कात्री कोणाची होती हे ठाऊक असलेला मी एकटा माणूस होतो, आणि मी प्रती वाटल्या.

दुसरी मोजणी ग्रंथालयातल्या मुलीने घेतली. तो अर्धा तास नोल्फा माझ्या खोलीत होती. खिडकी, दार, खिडकी. "आता कागद वाटले असतील. आता बोरिस काहीतरी बोलला असेल. बाहेर फुटबॉल नाही ना आज?" मी म्हणालो, पाऊस आहे. "मग बरं," ती म्हणाली, आणि दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं, "फुटबॉल नाही ना?" मलाही त्या दिवशी बसवेना. दोन म्हातारी माणसं एका खोलीत एकमेकांना आडवी जात होती.

आकडा आला ५.६. दागोबेर्तो सर धुरी देऊन वाळवलेल्या, खायच्या शिंपल्यांची माळ घेऊन धावत आले आणि त्यांनी ती नोल्फाच्या गळ्यातच घातली. "अगं, त्यांना जाणवतं! त्यांना जाणवतं!" असं ते म्हणत होते आणि डोळे पुसत होते. नोल्फा म्हणाली, "मला कसली माळ घालता, पोरांनी दिलेत." पण तिने ती काढली नाही, दिवसभर शिंपल्यांचा वास मिरवत फिरली. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी लेमुईला तो तरंगता उतार पाण्यात पडला. यास्नाने फोटो आणला होता. ओहोटीतही होडी लागली होती.

डिसेंबर संपता संपता कार्यालयातून एक कागद माझ्याकडे आला. दोन प्रती काढा, एक दप्तरी, एक संबंधिताला. मी नाव वाचलं. मूल्यमापन, नोल्फा बारिया. सहा रकाने, सहाही ठिकाणी ४. शेरा: प्रामाणिक, कार्यपद्धतीचा भंग. एकूण ४.०. आणि माथ्यावर तीच ती रुंद पट्टी होती: ४ – धड चांगलं ना, धड वाईट.

माझंही मूल्यमापन त्याच गठ्ठ्यात होतं. सहा. मला सहा दिले होते त्यांनी.

जिन्यात बूट वाजले. ती आत आली, छत्री खुर्चीवर टाकली आणि हात पुढे केला. काय आलंय ते तिला कळलंच होतं. उभ्यानेच तिने वाचलं, एकदा, मग बोट ठेवून पुन्हा एकदा, फुगलेला डबा शोधत असल्यासारखं.

"नोल्फा, मी जाऊन सांगतो. पट्टी मी कापली. मीच तुला म्हणालो होतो."

"मला माहीत आहे कात्री कोणाची ती."

"मग तिथे का नाही बोललीस?"

"काप म्हणाले ना मी? चष्मा शोधायला दोन पावलं लागत होती, ती मी चालले नाही. इतकी चालते, तेवढीच दोन नाही चालले." ती खिडकीपर्यंत गेली. "आणि दोघांनी घरी बसून काय केलं असतं?"

त्या दिवशी बैठकीत तोंड उघडलं असतं तर आता जे वाटत होतं ते वाटलं नसतं, हे मला नीट कळत होतं. लाज वाटत होती. आजही वाटते, म्हणून तर हे सांगतोय.

"एक प्रत जास्त काढ," ती म्हणाली. "चुलीवर लावते. आईच्या त्या चाराशेजारी."

मी कागद काचेवर उलटा ठेवला, झाकण लावायला गेलो, तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"थांब. आधी वरची पट्टी काप."

मी ड्रॉवरमधून कात्री काढली. पातं कागदाच्या कडेला लागेना.

"सरळ काप," ती म्हणाली. "मागच्या वेळेसारखी."